गणपती बारा दिवसांवर आणि माजघरात मेलेला उंदीर

काकू,
आमचं घर कुडाळ तालुक्यात. जुनं, चिऱ्याचं, कौलारू. मागे स्लॅबच्या दोन नव्या खोल्या. पाऊस लागल्यापासून माळ्यावर उंदरांनी उच्छाद मांडला होता. दुकानदार म्हणाला, "ही वडी टाका, वहिनी. उंदीर पाणी प्यायला बाहेर पळतो आणि बाहेरच मरतो." वडी टाकून दहा दिवस झाले. गेले चार दिवस माजघरात उभं राहवत नाही. धूप, अगरबत्ती, फिनेल, डांबरगोळ्या, प्लगात लावायचा गुलाबाचा सुगंध, सगळं करून झालं. आता गुलाबाच्या बागेत मढं पुरल्यासारखा वास येतो. सासूबाई दिवसातून दहा वेळा ऐकवतात, "देवाच्या वाहनाक इख घातलंस, आता भोग." नवऱ्याला मळमळतं म्हणून तो ओटीवर झोपतो. गणपतीला बारा दिवस उरलेत, मुंबईहून चौदा माणसं येणार आणि आमची माटवी, म्हणजे मूर्तीच्या डोक्यावरची फळापानांनी सजवायची चौकट, नेमकी माजघरात बांधतात. काय करू?
— एक सून

अगं, सगळ्यात आधी तो गुलाब काढून फेक. अगरबत्ती विझव. डांबरगोळ्या गोळा करून घट्ट झाकणाच्या डब्यात घाल. त्यांची वाफ माणसांनी राहत्या खोलीत घ्यायची नसते, आणि चौदा माणसांत लहान मुलंही असतील. यातलं काहीच वास घालवत नाही, वासावर पांघरूण घालतं. आणि आत्ता तुला तोच वास उघडा हवाय. उंदीर कुठे पडलाय हे त्या घरात एकालाच ठाऊक आहे, तो म्हणजे हा वास. वाटाड्याच्या तोंडात बोळा कोंबून वाट कशी सापडेल?

दोन दिवस घरात काहीही सुगंधी लावू नकोस. देवापुढची उदबत्तीसुद्धा तुळशीपाशी लाव. सासूबाईंना सांग, काकूंनी सांगितलंय.

आता, उंदीरच आहे ना, ते आधी ठरवू. हसू नकोस. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वयंपाकघरात असाच वास सुटला. तीन दिवस मी घर डोक्यावर घेतलं, सुताराला बोलावून ट्रॉल्यांची तळं उचकटली, शेजारणीच्या मांजरावर आळ घेतला. चौथ्या दिवशी कांद्या-बटाट्याच्या टोपलीमागे, भिंतीच्या कोपऱ्यात, एक बटाटा सापडला. वरून अख्खा, सालीला सुरकुतीही नाही. उचलायला गेले तर बोट आत गेलं आणि काळपट पाणी मनगटापर्यंत आलं. सडका बटाटा आणि मेलेला उंदीर यांच्या वासात फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. तेव्हा पोती, टोपल्या, फणसाच्या आठळ्यांचा डबा, सगळं आधी उलटं करून बघ.

दुसरी शंका गॅसची, आणि ती गमतीची नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग मिसळतात. सडणाऱ्या देहातूनही त्याच घराण्यातले वायू निघतात, म्हणून माणूस फसतो. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. सिलिंडरपाशी खाली वाकल्यावर वास वाढला तर कुठलंही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद कर, दारं-खिडक्या उघड, बाहेर जा आणि अंगणातून १९०६ ला फोन लाव. तिसरी शंका विजेची. सॉकेट किंवा प्लग आतून तापायला लागला की मासळीसारखा वास मारतो. तुमच्याकडे मासळीचा वास ही एरवी बातमी नाही, पण श्रावणात, घरात मासळी शिजत नसताना आला तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलाव. न वापरलेल्या न्हाणीची मोरी कोरडी पडली तर गटाराचा वास वर येतो. त्याला बादलीभर पाणी ओतणं एवढंच औषध. आणि चिचुंद्री जिवंतपणीच उग्र दर्पते, ती मेलेली असायची गरज नाही.

तुझ्या बाबतीत मात्र हिशेब उंदराकडेच बोट दाखवतो. त्या वड्यांत बहुधा ब्रोमाडायोलोन असतं. ते उंदराचं रक्त गोठू देत नाही. खाल्लं की लगेच मरत नाही, तीन-चार दिवसांपासून आठवड्यापर्यंत कधीतरी मरतो. दहा दिवसांपूर्वी वडी, चार दिवसांपासून वास. बरोबर जुळतं. "पाणी प्यायला बाहेर पळतो" ही दुकानदाराची कहाणी आहे, ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानात ऐकू येते. अशक्त झालेला प्राणी बाहेर कशाला जाईल? तो आपल्या बिळात, उबेला, अंधारात जाऊन पडतो. म्हणजे जिथे तुझा हात पोचणार नाही नेमकं तिथे.

शोधायची वेळ पहाटेची. आदल्या रात्री माजघराची सगळी दारं-खिडक्या लाव, पंखा बंद ठेव. सकाळी उठल्याबरोबर आत जाऊ नकोस. मागच्या दाराने निघ, विहिरीपर्यंत चक्कर मार, पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या हवेत राहा. चार दिवस त्या वासात वावरून तुझं नाक मेलंय. ते बाहेरच्या हवेत परत जागं होतं. मग दार उघडून पहिले दोन-तीन श्वास नीट घे, कारण कामाचे तेवढेच. त्यानंतर नाक पुन्हा थकतं. शेजारचं आठ-दहा वर्षांचं पोरगं मिळालं तर आणखी चांगलं, त्याला माजघराच्या दारात उभं करून "कुठल्या कोपऱ्यातून येतो रे?" एवढंच विचार. मुलं बिनचूक सांगतात, आणि तोंडावर नाक मुरडायला कचरतही नाहीत.

खोली कळली की उंची शोध. जमिनीपाशी गुडघ्यावर बस, मग उभी राहा, मग स्टुलावर चढ. वर जास्त असेल तर माळा किंवा कौलांखालचे वासे, खाली असेल तर कपाट, दिवाण, कोठीचा तळ. वर्तमानपत्राची सुरळी करून तिचं एक टोक फटीला लाव आणि दुसऱ्या टोकाशी नाक. लोकांना वेडेपणा वाटेल, वाटू दे. फळ्यांच्या दोन फटींमध्ये हातभराचं अंतर असलं तरी फरक कळतो.

नाकापेक्षा हुशार साक्षीदार आणखी दोन. एक म्हणजे त्या मोठ्या, निळ्या-हिरव्या चकचकीत माश्या. साध्या घरमाश्यांपेक्षा मोठ्या, गुणगुण जोरात. मेल्यावर काही तासांत त्या तिथे अंडी घालतात आणि उबदार हवेत एखाद दिवसात आळ्या होतात. एकाएकी अशा चार-पाच माश्या एकाच खोलीच्या खिडकीला आपटताना दिसल्या तर ती खोली धर. माळ्याच्या फळ्यांतून पांढऱ्या आळ्या खाली टपकल्या तर किळस बाजूला ठेवून वर बघ. आळ्या कोषात जायला थोड्या दूर सरपटतात, पण उंदीर तिथून फार लांब नसतो. दुसरा साक्षीदार म्हणजे मुंग्यांची रांग. ती कुठे जाते ते बघ, उगाच लक्ष्मणरेषा ओढून मोडू नकोस.

कौलारू घरातल्या माझ्या संशयितांची यादी अशी: माळ्यावरची जुनी गोणपाटं आणि गाद्यांची वळकटी, भात ठेवायच्या कणगीमागचा कोपरा, भिंत आणि वाशाच्या सांध्यातली पोकळी, फ्रिजच्या मागे खाली कॉम्प्रेसरची उबदार जागा, इन्व्हर्टरच्या बॅटरीमागे, आणि गणपतीच्या सामानाची पेटी. शेवटची आधी बघ. वर्षभर बंद, आत मऊ कापड, थर्माकोलचे तुकडे, उंदराला आणखी काय हवं?

माळ्यावर अंधारात हात घालू नकोस. आधी बॅटरी, मग काठी, मग हात. उंदरांच्या मागे धामण माळ्यावर चढते. ती बिचारी निर्विष, पण मण्यार आणि घोणससुद्धा उंदरांच्याच मागावर असतात आणि पावसात कोरडी जागा त्यांनाही आवडते.

सापडला की घाईने झाडू मारू नकोस. आमच्या आजीच्या पिढीत "उंदीर पडला" हे शब्द ऐकले की माणसं चुलीवरचं तसंच टाकून रानात झोपड्या बांधून राहायची. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला तेव्हापासूनची ती धास्ती, आणि तिला कारण होतं: उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेला देह सोडून दुसरं ऊबदार शरीर शोधतात. आज प्लेगची भीती धरायचं कारण नाही, पण कोकणात पावसाळ्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस तापाचे, रुग्ण असतात, आणि तो जंतू उंदराच्या मुतातून, ओल्या जमिनीवरून, पायाच्या भेगेतून शिरतो. तेव्हा मास्क, रबरी हातमोजे, पायात बूट. विहिरीत टाकायला ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, येते ना, ती लिटरभर पाण्यात साधारण १५ ग्रॅम कालव. ते पाणी उंदरावर आणि आजूबाजूला शिंपड आणि दहा मिनिटं थांब. मग प्लास्टिकची पिशवी हातमोज्यासारखी हातावर घाल, उंदीर धर, पिशवी उलटी कर, गाठ मार, वरून दुसरी पिशवी. बाहेर विहिरीपासून आणि ओहोळापासून लांब खड्डा खण. गुडघाभर तरी खोल हवा. पिशवी कापून उंदीर खड्ड्यात टाक, वर चुना, माती, आणि त्यावर एक मोठा दगड. दगड विसरू नकोस. त्या देहात विष आहे. कुत्र्याने किंवा मांजराने उकरून खाल्लं तर विष त्याच्या पोटात जातं. पिशव्या आणि हातमोजे कचऱ्यात.

उरलेल्या वड्यांचे तुकडेही मोजून उचल. चौदा माणसांत रांगणारं मूल असेल तर त्याला त्या रंगीत वड्या खाऊच वाटतील.

इथपर्यंत आलीस की निम्मा वास गेला. उरलेला निम्मा लाकडात आणि भिंतीत मुरलेला असतो. देहातून पाझरलेलं पाणी फळीत शिरतं, आणि वरून कितीही पुसलं तरी पावसाळी हवेला फळी पुन्हा घाण मारते. इथे थोडं रसायनशास्त्र ऐकून घे, कारण लोक इथेच चुकतात. मांस सडताना जी दुर्गंधी द्रव्यं तयार होतात त्यांतल्या दोघांना बर्लिनच्या लुडविग ब्रीगर नावाच्या डॉक्टरने १८८५ साली ओळखलं आणि नावं दिली, प्युट्रेसिन आणि कॅडॅव्हरिन. ही अमाइन जातीची, म्हणजे आम्लाच्या उलट्या स्वभावाची. मासळीच्या वासातलं मुख्य द्रव्यही याच जातीचं. तू बांगड्याला आगळ किंवा लिंबू का चोळतेस? आम्ल भेटलं की हे द्रव्य बांधलं जातं आणि हवेत उडायचं थांबतं. मग फळीलाही तेच कर. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्याने चोळ, तासभर राहू दे, पुसून पंख्याखाली खडखडीत वाळव, लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. लोक खायचा सोडा फासतात. तो आंबट वासांना बरा, या वासापुढे लंगडा. गंधकाच्या वायूंना मात्र लिंबू-व्हिनेगर काही करत नाही. त्यांना वारा लागतो आणि कोळसा. लाकडी कोळसा फोडून तीन-चार पसरट ताटल्यांत ठेव, दोन दिवसांनी बदल.

आता हे नीट वाच, दोनदा वाच. टीसीएलचं पाणी आणि व्हिनेगर एकत्र येता कामा नये. टीसीएल आणि संडास धुवायचं ॲसिडही नाही. दोन्हींतून क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद माळ्यावर तो घशाला धरला तर उंदराच्या आधी तुला खाली उतरवावं लागेल. आधी टीसीएलने पूस, साध्या पाण्याने दोनदा धू, वाळू दे, आणि व्हिनेगर दुसऱ्या दिवशी.

गोणपाट, गादी, कापूस यांच्यावर सापडला असेल तर भावनेत अडकू नकोस, ते जाळ किंवा टाक. फळी धुऊन-वाळवूनही दर्पत असेल तर सुतार लावतात ते लाखेचं पॉलिश दोन हात दे. लाख वास आतच कोंडते. हे मी स्वतः एका कपाटाच्या तळाला करून बघितलंय, आणि त्या कपाटात आज पैठण्या आहेत.

आणि सापडलाच नाही तर? असंही होतं. चिऱ्याच्या जाड भिंतीत, सांध्याच्या आत पडला असेल तर भिंत फोडायला सांगणारी मी नाही, तीही गणपतीच्या तोंडावर. मग उलटा डाव खेळ. जिथून वास येतो त्या फटी खोलीच्या बाजूने मातीने, पुट्टीने, निदान चिकटपट्टीने बुजव, म्हणजे वास खोलीत यायचा थांबेल. बाहेरच्या बाजूच्या फटी तेवढ्या उघड्या ठेव, तिकडून जाऊ दे. माळ्यावर टेबलफॅन लावून हवा बाहेरच्या झरोक्याकडे ढकल. उंदराचा वास पहिला आठवडा सर्वात वाईट, मग देह आटत जातो. दोन ते तीन आठवड्यांत बहुतेक संपतो. पावसाळ्यात ओल असल्यामुळे थोडा जास्त. घूस असेल तर आणखी लांबेल, ती किलोच्या आसपासही भरते. तुझे चार दिवस झालेत आणि बारा उरलेत, म्हणजे काहीच केलं नाहीस तरी चौदा माणसं येईपर्यंत बराच उतरलेला असेल. आणि एक वर्ष माटवी ओटीवर बांधली तर गणपती रुसून परत जात नाही. मूर्ती आणायच्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा हे आजच घरात बोलून ठेव.

आता सासूबाई. भात कोठीत ठेवणाऱ्या घरात त्या नांदल्या, त्यांच्या हयातीत त्या घरात उंदीर मेला नसेल असं त्या स्वतःही म्हणणार नाहीत. जाऊन विचार, "आई, तुमच्या वेळी उंदरांचं काय करायचात?" भांडायला नको, खरंच विचार. माझी खात्री आहे, त्या पिंजरा म्हणतील. आणि मग लक्षात घे की देवाच्या वाहनाचं कारण सोडलं तर त्यांचं म्हणणं बरोबर आहे. घरात विष घालू नये. पाप लागतं म्हणून नाही. विष खाल्लेला उंदीर कुठे मरेल ते आपल्या हातात राहत नाही म्हणून. पिंजऱ्यातला उंदीर सकाळी पिंजऱ्यातच असतो. सुकटीचा तुकडा किंवा भाजलेलं खोबरं लावून भिंतीला चिकटून ठेव, मधोमध नको. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो. रात्री कुठून जातो ते बघायला वाटेवर थोडं पीठ भुरभुरव, सकाळी पावलं दिसतात. आणि भोकं बुजव: पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान चिटुकली उंदरं येतात, अंगठा जाईल एवढ्यातून मोठा येतो. भांडी घासायची तारेची घासणी भोकात कोंब, वरून सिमेंट. नुसती माती ते रात्रीत उकरतात. नारळाच्या झाडाची झावळी कौलांना टेकत असेल तर ती आधी तोड, तो त्यांचा जिना आहे.

नवरोबांना मळमळतं. कुणाला मळमळत नाही? तुला काय तो वास मोगऱ्याचा येतोय? नाकाखाली थोडं व्हिक्स, वर मास्क, आणि शिडी त्यांनी धरायची नाही, त्यांनी चढायची. तू खाली उभी राहून बॅटरी दाखव आणि पिशवी उघडून धर. पिशवी धरायचं कामही सोपं नाही असं वाटलं तर अदलाबदल करा, पण ओटीवरून सल्ला देता येणार नाही असं माझ्या नावाने सांग. जमलं तर हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखव, सासूबाई ऐकतील अशा बेताने.

काय सापडलं ते मात्र कळव. बटाटा निघाला तरी कळव.

तुझी,
काकू